पद्माक्काच्या तीन वाकळी

आमच्या कोल्हापुरात गोधडीला वाकळ म्हणतात. हे आधी सांगून टाकते, कारण मागं पुण्याच्या एका बाईंनी मला फोनवर विचारलं होतं, "वाकळ म्हणजे नक्की काय असतं?" मी म्हटलं, "अंगावर घ्यायचं असतंय बाई. थंडी वाजली की आपोआप कळतंय." त्यांना ती दिवाणखान्यात भिंतीवर टांगायला हवी होती. कापड नवं, पण दिसायला जुनी. मी म्हटलं, "नवं कापड घ्या, वीस वर्षं नेसा, मग माझ्याकडं घेऊन या. जुनी दिसंल." त्यांनी फोन ठेवला. स्वयंपाकघरातून सून म्हणाली, "आत्या, गिऱ्हाइकाशी असं बोलत्यात व्हय?"

मी रंजना कांबळे. कळंब्याच्या वरच्या अंगाला आमचं तीन खोल्यांचं घर आहे. त्यातल्या पुढच्या खोलीत, फरशीवर बसून, मी पस्तीस वर्षं वाकळी शिवल्या. दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताचा अंगठा वाकायचा बंद झाला, तसं काम थांबवलं. आता सून मशीनवर बाळांची दुपटी शिवते आणि मी शेजारी बसून तिच्या चुका काढते. लिहिताना मी 'करते, शिवते' असं लिहितेय खरी, पण आमच्याकडं बायका बोलताना 'करतो, जातो' असंच बोलतात. माझ्याही तोंडात तेच येतं. पुढं तसं आलं तर हसू नका.

वाकळीला तीन थर असतात. खाली अस्तर, म्हणजे एक अखंड धोतर नाहीतर साडी. मधे पोट. पोटात जुनी लुगडी, चादरी, जे मऊ असेल ते, एकावर एक, पण एकही सुरकुती न ठेवता. आणि वर तुकड्यांची जोड. ती सगळ्यांना दिसते म्हणून तिचंच कौतुक होतं. खरं कसब पोटात असतं. पोट एकसारखं बसलं नाही तर चार धुण्यांत सगळी वाकळ एका कोपऱ्यात गोळा होते. हे थर जमिनीवर पसरायचे, लांब लांब कच्च्या टाक्यांनी धरून ठेवायचे, आणि मग काठापासून धावदोरा धरायचा. काठाकाठानं फिरत, आत आत येत, शेवटचा टाका मधोमध. एका माणसाची वाकळ हातानं शिवायला मला पंधरा-वीस दिवस लागायचे.

कापडांत माझा जीव कशात असेल तर धुऊन धुऊन विरायला आलेल्या, पण अजून न विरलेल्या सुती लुगड्यात. ते ओळखायची माझी रीत साधी होती. कापड दोन अंगठ्यांत धरून ताणायचं, मग गालाला लावायचं. गालाला लागलं आणि हात बाजूला करावासा वाटला नाही, तर ते वाकळीचं. पॉलिस्टर मी घेत नव्हते. त्यात टाका धरत नाही, आणि पांघरलं की माणसाला घाम येतो, ऊब येत नाही. यावरून माझी पुष्कळ गिऱ्हाइकांशी भांडणं झाली. "काकू, ही साडी केवढ्याला घेतलीय ठाऊक हाय का?" असं म्हणायच्या. मी म्हणायची, "मग नेसा की. पांघरता कशाला?"

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत भट्टीवर काम केलेले गणपतराव म्हणून एक गृहस्थ होते. ते रिटायर झाल्यावर त्यांच्या बायकोनं त्यांचे कामावरचे सहा निळे शर्ट माझ्यापुढं आणून टाकले. "घरात नुसतं टांगून ठेवल्यात, देव असल्यागत. वाकळ कर आणि मला मोकळं कर," म्हणाली. शर्टांना छातीवर, बाह्यांवर ठिणग्यांची बारीक बारीक भोकं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः गणपतराव दारात.

"वैनी, माझं शर्ट कापलं काय?"

आवाज असा की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. भट्टीच्या घरघरीत तीस वर्षं बोललेला माणूस, हळू बोलणं विसरून गेलेला. मी म्हटलं, "अजून न्हाय. बसा." ते बसले, आणि एकेक शर्ट मांडीवर घेऊन कुठलं भोक कधीचं ते सांगत दुपारपर्यंत बसले. शेवटी कापायला परवानगी दिली, पण एका अटीवर. छातीवरचा एक खिसा जसाच्या तसा, उघडा ठेवायचा. "झोपताना चष्मा कुठं ठिवू?" म्हणाले. अशी ती खिशाची वाकळ झाली. पुढं त्यांच्या गल्लीतल्या चार म्हाताऱ्यांनी तशीच मागितली. एकानं दोन खिसे सांगितले. दुसरा कशाला, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

चुकाही झाल्या. एका नवरीच्या वाकळीत मी तिच्या आजोबांचा लाल पटका घातला. रंग जातो का ते आधी मिठाच्या पाण्यात भिजवून बघायचं असतं, ते लग्नाच्या घाईत राहिलं. पहिल्याच धुण्यात सगळी वाकळ गुलाबी झाली. पोरगी चांगली. "मला गुलाबीच आवडतो काकू," म्हणाली. पण आपली आवड तिनं तिथल्या तिथं बदलली, हे मला कळत होतं. अजून लग्नाचा मांडव दिसला की ती आठवते.

ह्या सगळ्या गमतीच्या गोष्टी झाल्या. मला सांगायचं आहे ते पद्माक्कांचं.

बारा-एक वर्षं झाली. श्रावणातली सकाळ होती. दारात रिक्षा थांबली आणि एक उंच, काटक बाई दोन मोठी बोचकी घेऊन उतरल्या. वय पासष्टच्या पुढं. शिरोळच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीजवळ त्यांचं गाव. जैन शेतकरी घराणं. नवरा वारलेला, मुलगा शेती बघायचा. चातुर्मासात प्रवचनं ऐकायला म्हणून त्या कळंब्यात भावाकडं राहायला आल्या होत्या. भावजयीच्या घरी माझी वाकळ होती, ती बघून माझ्याकडं आल्या.

त्यांनी बोचकी सोडली. आत नुसते रंग. डाळिंबी, हिरव्या, चिंतामणी, हळदी, एक मोरपंखी. सगळ्या सुती, सगळ्या धुऊन घड्या घातलेल्या. दोन-तीन इरकलीही होत्या. मी एक उचलून गालाला लावली. तसलं कापड एकगठ्ठा माझ्याकडं कधी आलंच नव्हतं.

"ह्यातल्या ठेवायच्या कंच्या आणि कापायच्या कंच्या, आक्का?"

"समद्या काप. तीन वाकळी कर. एक लेकीला, एक सुनेला, एक नातीला."

"मग तुम्ही नेसणार काय?"

"अंगावर एक हाय, वाळत एक हाय. कार्तिकापत्तर पुरत्यात. म्होरं पांढरं."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. कार्तिकात त्या दीक्षा घेणार होत्या. घर सोडायचं, नाव सोडायचं, नाती सोडायची. एक पांढरी साडी, अनवाणी पायांनी गावोगाव चालायचं, दिवसातून एकदा खायचं. मग त्या कुणाची आई नाहीत, कुणाची आजी नाहीत. सगळ्यांच्या माताजी.

आमच्या घरातही दीक्षा हा शब्द रोजचा आहे. पण तो वेगळा. माझ्या आजेसासऱ्यांनी धम्माची दीक्षा घेतली ती अख्खं घर, अख्खी वस्ती बरोबर घेऊन. त्यात कुणी मागं राहिलं नव्हतं. ही बाई तोच शब्द बोलत होती आणि दाराबाहेर एकटीच पडत होती. मला ते कसंतरीच झालं.

मी पाणी आणलं. त्यांनी तांब्याला हात लावला नाही. पिशवीतून स्वतःची स्टीलची बाटली काढून दोन घोट घेतले. माझ्या आईला लोक लांबून, वरून ओंजळीत पाणी घालायचे, ते मी लहानपणी डोळ्यांनी बघितलेलं आहे. मी तांब्या आत नेऊन ठेवला. तिसऱ्या वेळेला त्या आल्या तेव्हा मात्र राहवलं नाही.

"आक्का, आमच्या हातचं पाणी चालत न्हाय व्हय?"

त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. "खोटं कशाला सांगू तंगी, माझ्या सासूला चालत न्हवतं. तिनं पाप केलं. माझं तसलं काय न्हाय. हे गाळून उकळल्यालं पाणी हाय, व्रताचं. माझ्या लेकीनं दिलं तरी मी आता दुसरं घेत न्हाय." मग बाटली माझ्यापुढं धरली. "घे. पिऊन बघ. पाणीच हाय."

मी प्यायले. पाणीच होतं, जरा कोमट. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. त्यांच्या गावाकडं निम्मं बोलणं कानडीच. त्या दिवसापासून मी त्यांची तंगी झाले.

त्यांच्या अटी मात्र फार. इरकलीचा पदर रेशमी असतो, तो कापून बाजूला काढायचा, कारण रेशमाला किडे मारतात. शिवायचं ते दिवसाउजेडी, दिवा लावून नाही. "दिव्यावर किडं येत्यात, टाक्यात घावत्यात," म्हणायच्या. मी दोरा मेणावर ओढत होते तर लगेच विचारलं, "मधाच्या पोळ्याचं न्हवं न्हवं?" मी म्हटलं, "न्हाय आक्का, मेणबत्ती हाय." तेव्हा कुठं मान हलवली. दुसरं कुणी असं गिऱ्हाईक असतं तर मी बोचकी परत दिली असती. पण कापड असं होतं, आणि बाईही अशी होती.

भाद्रपद अर्धा सरला तोवर दोन वाकळी झाल्या. सुनेची आणि नातीची. लेकीची तिसरी मी नुकतीच धरली होती, एवढ्यात एका रविवारी लेकच आली. त्रिशला तिचं नाव. वारणानगरला शाळेत शिकवायची. नवरा तिथंच साखर कारखान्यात. बोलणं शिक्षिकेचं, स्वच्छ. पण चपला काढताना मला दिसलं, ती काहीतरी मनात घोकत आली होती.

"काकू, माझी किती झाली?"

"काठ झालाय. अजून आठ दिवस धर."

ती खाली बसली आणि शिवलेल्या काठावरून हात फिरवत राहिली. "तुम्हाला ठाऊक आहे का, ही झाली की अव्वा जाणार?" आईला ती अव्वा म्हणायची.

"तिथी ठरलीया न्हवं?"

"तिथी ठरली. पण तिनं दीक्षा देणाऱ्या महाराजांसमोर एक शब्द टाकलाय. तिघींच्या अंगावर पांघरूण घातल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही. दीक्षेला घरच्यांची संमती लागते, काकू. दादानं दिली, वहिनीनं दिली. मला विचारलं तेव्हा समोर शंभर माणसं बसलेली. मीही मान हलवली." मग आवाज खाली आला. "तुम्ही सावकाश करा. एवढंच. कार्तिक निघून गेला की पुढचं पुढं. कदाचित तिचं मन फिरेल."

माझी आई मी अकरा वर्षांची असताना वारली. चालती-बोलती आई उठून जाणार, आणि तिला कुणी धरायचं नाही, हे मला श्रावणापासून पटत नव्हतं. मी त्रिशलाला हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ती गेल्यावर सुई कापडात तशीच खुपसली, वाकळ गुंडाळली आणि कपाटावर टाकली.

मग महिनाभर मी खोटं बोलले. दोऱ्याचा रंग मिळत नाही. मनगट दुखतंय. गावाकडनं पावणे आलेत. पद्माक्का आठवड्यातनं दोनदा यायच्या, दारातच ऐकून घ्यायच्या आणि "बरं, बरं" म्हणून परत जायच्या. त्या काही बोलत नव्हत्या, त्यामुळं मला वाटायचं आपलं खपतंय.

दिवाळीला पंधरा दिवस राहिले असतील. एका सकाळी त्या आल्या त्या थेट आत.

"काढ बघू ती वाकळ."

काढली. उलगडली. सुई होती तिथंच होती. पद्माक्कांनी ती ओढली तर निघेना. पावसाळी हवेत गंजून कापडाला धरून बसलेली. जोर लावून काढली तेव्हा हिरव्या तुकड्यावर तांबूस डाग उमटला होता. उठताना सुई कापडात ठेवू नये, हे माझ्या सासूबाईंनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. नवशिकी पोरगीसुद्धा ही चूक करत नाही.

"ह्याला महिना झालाय, तंगी."

मी डागावर बोट घासत राहिले.

"दोरा घावंना, हात दुखतोय, पावणं आल्यात. कोण आलतं पावणं? त्रिशला?"

मी मान खाली घातली. आयुष्यात गिऱ्हाइकाशी पुष्कळ तोंड केलं, पण मान खाली घालायची ती एकच वेळ. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तिला फोन लाव."

रविवारी त्रिशला आली. मायलेकी माझ्या पुढच्या खोलीत समोरासमोर बसल्या, मधे ती अर्धी वाकळ. मी उठून आत निघाले तर पद्माक्का म्हणाल्या, "तू बस. तूबी ह्यात हाईस की."

"हो, मीच सांगितलं काकूंना," त्रिशला म्हणाली. "त्यांना बोलू नकोस."

"कुणाला बोलत न्हाय. तू बोल. समद्यांच्या म्होरं मान हलवलीस. हितं कोण न्हाय. आता बोल."

त्रिशलानं वाकळीचा काठ मुठीत धरला. मग एकदम सुटलं. "काय बोलू अव्वा? अण्णा गेले तेव्हा मी रडले. दिवस गेले, संपलं. पण तू जाशील आणि असशील! कुठल्या तरी गावात असशील, उन्हात चालत असशील, आजारी असशील. मी समोर आले तर मला लेक म्हणणार नाहीस. हे कसं सोसायचं ते कुणी सांगितलंच नाही मला."

"मलाबी न्हाय सांगितलं कुणी," पद्माक्का म्हणाल्या.

"मग जातेस कशाला?"

बाहेर भाजीवाला ओरडत गेला, तो लांब जाईपर्यंत पद्माक्का थांबल्या. "चाळीस वर्सं रांधलं, वाढलं, तुमास्नी झाकलं. वाईट न्हवतं ते. पर मरायच्या आदी एकदा, कुणाचीच न्हवं असं हून बघायचं हाय मला. राग न्हाय गं कुणाचा. भूक लागल्यागत झालंय. भुकेला कारण सांगता येतंय व्हय?"

त्रिशला रडत नव्हती. माझेच डोळे पुसून पुसून पदर ओला झाला होता.

मग पद्माक्कांनी माझ्या डब्यातली नवी सुई घेतली. डोळे बारीक करून दोरा ओवला, आणि वाकळीचं टोक उचलून सुईसकट लेकीच्या मांडीवर ठेवलं.

"ही तुझी. आता तंगी हात लावायची न्हाय, मीबी न्हाय. तू शिवायची. पुरी झाली की मी जातो. न्हाय झाली तर जात न्हाय. महाराजांच्या पाया पडून सांगतो, घरची संमती न्हाय म्हणून."

"असं कसं? म्हणजे सगळं माझ्यावर?"

"संमती म्हंजे तेच की."

त्रिशलानं वाकळ बाजूला सारली आणि उठून गेली. जाताना माझ्याशीही बोलली नाही. पद्माक्का थोडा वेळ बसल्या, मग त्याही गेल्या. वाकळ माझ्या खोलीत पडून राहिली. मी ती गुंडाळली नाही. तिच्या कडेनं झाडत होते, कडेनं चालत होते. पद्माक्का यायच्या बंद झाल्या. त्यांची भावजय भेटली तेव्हा म्हणाली, "काय इचारत न्हाईत, काय बोलत न्हाईत. रोज सकाळी पाणी उकळून ठेवत्यात, एवढंच." मला वाटायचं, बरं झालं. आणि मग वाटायचं, ह्यात बरं काय झालं? एक बाई आपल्या लेकीच्या टाक्याची वाट बघत बसलीय.

दिवाळी झाली. शाळेला अजून सुट्टी होती. पाडव्यानंतर दोन दिवसांनी त्रिशला हातात पिशवी घेऊन दारात उभी. तोंड सुकलेलं.

"काकू, टाका कसा घालायचा?"

"येत न्हाय तुला?"

"बीएड केलंय मी. सुई कधी धरलेली नाही."

दोघींना हसू आलं. मग मी तिला बसवलं. एक पाय दुमडून, एक गुडघा उभा, वाकळीचा काठ गुडघ्याखाली दाबून. सुई टोचू नये म्हणून घालायचं अंगुस्तान तिच्या बोटाला सैल होतं, म्हणून आत चिंधी घातली. तिचे टाके म्हणजे कोंबडी चिखलातून चालून गेल्यागत. कुठं बोटभर, कुठं तीळभर. दुसऱ्या कुणाचे असते तर मी उसवून टाकले असते. ह्यांतला एकही उसवला नाही.

दुसऱ्या दिवशी पद्माक्का आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. भिंतीला टेकून लांब बसल्या, वाकळीला हात न लावता. मग त्रिशलाची सुई मोरपंखी तुकड्यावर आली तशा त्या म्हणाल्या, "ती तुझ्या अण्णांनी न इचारता आणलेली. मला रंग आवडला न्हवता. बावीस वर्सं नेसलो."

त्रिशला हसली. "आणि ही हळदी?"

"ती माझी न्हवंच. तुझ्या आत्याची. एकदा पावसात भिजून आलो तवा नेसायला दिलती. परत द्यायची ऱ्हायली."

"अव्वा! आत्या अजून त्या साडीचं नाव काढते!"

"म्हणूनच कापून टाकली."

आम्ही तिघी इतक्या हसलो की सून आतून बघायला आली. असे आठ दिवस गेले. सकाळी दहाला त्रिशला मामाकडनं यायची, उन्हं कलली की थांबायची. पद्माक्का भिंतीपाशी, मी दोरे ओवून द्यायला. कधी दोघी भांडायच्या, पोरांच्या लहानपणावरून, वहिनीवरून, काहीबाही. कधी दुपारभर नुसता सुईचा आवाज. मला माझं काम इतकं लांबून, बसून बघायला कधी मिळालं नव्हतं. वाकळ काठाकडून आत आत येत होती आणि शिवायची जागा रोज थोडी लहान होत होती.

आठव्या दिवशी दुपारी मधोमध तळहाताएवढी जागा राहिली. मग चार बोटं. मग एक टाका. त्रिशलानं तो घातला आणि सुई हातात धरून थांबली. पद्माक्का दाराबाहेर बघत होत्या, मुद्दाम.

"काकू," ती म्हणाली, "शेवटची गाठ कशी मारतात?"

शेवटची गाठ वर दिसू द्यायची नसते. सुई पोटात घालायची, दोरा आतल्या आत फिरवायचा आणि लपवायचा. मी दाखवलं. तिनं तसं केलं. मग वाकून दातानं दोरा तोडला.

पद्माक्का उठल्या. वाकळ उचलली, एकदा झटकली आणि भर दुपारी लेकीच्या खांद्यांवरून गळ्यापर्यंत लपेटली.

"उकडतंय गं अव्वा."

"घे जरा."

तेव्हा रडली ती. पद्माक्कांनी वाकळीसकट तिला धरून ठेवलं. मी आत जाऊन चूल नसलेल्या स्वयंपाकघरात, गॅसपुढं, उगीच उभी राहिले.

दीक्षेला मी गेले. एसटीनं, एकटीच. त्यांच्या गावाबाहेरच्या माळावर मोठा मांडव घातला होता, माणूस मावत नव्हतं. त्रिशलानं मला पुढं नेऊन बायकांत बसवलं. पद्माक्का आल्या त्या जांभळी, बारीक चौकड्यांची सुती साडी नेसून. अंगावरची म्हणून ठेवली होती तीच. गळ्यात हार. मग केशलोच झाला. डोक्यावरचे केस हातानं उपटतात, चिमटीचिमटीनं. मला बघवेना, मी तोंड पदरात घातलं. त्रिशला मात्र शेवटपर्यंत बघत होती, एकदाही मान न वळवता. जांभळी साडी जाऊन पांढरी आली. नवं नाव पुकारलं. लोकांनी जयजयकार केला.

माताजी आमच्या समोरून गेल्या. त्यांची नजर आमच्यावर आली, तशीच पलीकडच्या बायकांवर गेली. सगळ्यांवर सारखी. मला एकदा 'तंगी' ऐकायचं होतं, हे मी लपवत नाही. त्यांनी हात वर करून आशीर्वाद दिला. तोही सगळ्यांना सारखा.

मांडव रिकामा होत होता तेव्हा त्रिशला ती जांभळी साडी छातीशी धरून माझ्याजवळ येऊन बसली. इतक्या वर्षांची खोड, माझा हात आपोआप कापडाकडं गेला. दोन अंगठ्यांत ताणून बघितलं. चांगलं टिकाऊ होतं अजून.

"दे हिकडं," मी म्हटलं. "एवढ्या एका साडीची वाकळ व्हायची न्हाय, पर उशी करून देतो."

"नको काकू. ही कापायची नाही." तिनं साडीची घडी नीट केली. "ही मी नेसणार आहे."

सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला. ती साडी नेसूनच शाळेत गेली होती. वर्गात शिरल्या शिरल्या पोरींनी विचारलं, "बाई, नवीन साडी?"

"मग? काय सांगितलंस?" मी विचारलं.

"हो म्हटलं," ती म्हणाली. "आजच पहिल्यांदा नेसली."